हाली, कलदार आणि ‘चालत नाही’

परवा हदगावच्या स्टँडवर चहा प्यायलो आणि दहाचं नाणं पुढं केलं. चहावाल्यानं ते हातातसुद्धा घेतलं नाही. “काका, हे चालत नाही.” का बरं? “पुढं कोणी घेत नाही ना!”

मी हट्टानं पुढच्याला गाठलं. किराणावाला म्हणाला, होलसेलवाले घेत नाहीत. होलसेलवाला म्हणाला, मी घेतो हो, पण गिऱ्हाईक घेत नाही. गिऱ्हाईक म्हणजे मीच. एवढी पायपीट करून गुन्हेगार सापडला तो असा.

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलंय, की तोवर दहाच्या नाण्याचे 14 प्रकार निघालेत आणि चौदाही चालतात. रुपयाचं चिन्ह असलेलं चालतं, नसलेलंही चालतं. पण रिझर्व्ह बँक मुंबईला, चहा हदगावात.

एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या भागाला नाण्यांचं त्रांगडं नवं नाही म्हणा. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. हालीवर चारमिनार, कलदारावर इंग्रजांचा राजा. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदाराचे हाली किती? 116 रुपये 10 आणे 8 पै. हा हिशेब आपल्या आज्या-पणज्यांनी बाजारात उभ्या-उभ्या केलाय, आणि आम्हाला दहाच्या एका नाण्यापुढं घाम फुटतो! नाण्याच्या खरेपणावर वाद घालायला त्यांना सवड नव्हती.

गंमत पुढं आहे. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेलं, पण त्याचा रुपया 1959 पर्यंत व्यवहारात टिकला. बुडालेल्या राज्याचं नाणं दहा वर्षांवर चाललं. चालू सरकारचं नाणं मात्र स्टँडावरून रस्ता ओलांडत नाही. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. आमच्या दहाच्या नाण्याला काय म्हणावं?

कायद्यानं एका वेळी हजार रुपयांपर्यंतची नाणी देता येतात. म्हणजे माझ्या डब्यातली सतरा नाणी अगदी कायद्यात बसतात. हदगावला कधी आलात तर चहा माझ्याकडून. फक्त पैसे तुम्ही द्या; नाणी मी तुम्हाला देतो.