अन्यथा हवा निकाल दी जाएगी

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका फाटकावर लाल रंगात लिहिलंय : 'गेट के सामने गाड़ी खड़ी न करें, अन्यथा हवा निकाल दी जाएगी.' जागा पुरली नाही म्हणून शेवटचा 'गी' बिजागरीवर चढलाय, पण मसुदा चोख आहे. काय करू नये आणि केलं तर काय होईल, दोन्ही एका ओळीत.

हाच 'अन्यथा' छत्तीसगढच्या 2005 च्या विशेष जनसुरक्षा कायद्यातही ठाण मांडून बसलाय. तिथे कृतीने, बोलून, लिहून, खुणेने, दृश्य रूपाने 'किंवा अन्यथा' सार्वजनिक व्यवस्थेत अडथळा आणला, किंवा तसा नुसता कल दिसला, तरी ते बेकायदेशीर कृत्य. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता हात, तोंड, लेखणी, भुवया आणि रंगपेटी जमा करून घेतल्यावर 'अन्यथा'साठी माणसाजवळ उरतं काय? पंधरा दिवस डोकं खाजवल्यावर मला एकच गोष्ट सापडली : उचकी. ती कृती नव्हे, बोलणं नव्हे, खूण तर नव्हेच. आमच्या काकांना चौकात शिपायाची शिट्टी ऐकली की हमखास लागते. व्यवस्थेत अडथळ्याचा कल स्पष्ट! बरं, उचकी लागते ती कुणी आठवण काढली म्हणून. म्हणजे चिथावणी देणारा वेगळा. काकांची आठवण काढते ती नागपूरची मावशी. तेव्हा कट आंतरराज्यीय, आणि मावशी सूत्रधार. पाणी पाजणारी काकू पुरावा नष्ट केल्याबद्दल आत.

मावशी परवापर्यंत निर्धास्त होती. रायपूरचे मराठी लोक गोडा मसाल्यापासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं महाराष्ट्रातून आणतात, असा तिचा टोमणा. 2025 च्या जुलैत महाराष्ट्राचंही विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. व्याख्या ओळखीची, 'अन्यथा'सकट. घ्या, आमच्याकडूनही काही गेलं!

हसून झालं. दिल्लीचा अन्यथा याहून दांडगा आहे. दहशतवादविरोधी टाडा कायदा 1995 मध्ये संपला, पोटा 2004 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी दहशतवादाची व्याख्या यूएपीए कायद्यात राहायला आली. कलम 15 बॉम्ब, डायनामाइट, बंदुका, विषारी वायू मोजत जातं आणि शेवटी म्हणतं, 'कोणत्याही स्वरूपाच्या अन्य साधनाने'. बॉम्ब ठेवणाऱ्याला फाशी द्या, जन्मठेप द्या. त्याच्यासाठी रडायला कुणी बसलेलं नाही. पण आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही, आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुभा, खटला उभा राहीपर्यंत वर्षं उलटतात. माणूस पुढे निर्दोष सुटला तर ती वर्षं कोण परत देणार? गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी शिक्षा भोगून झालेली असते, आणि याला आपण सुरक्षा म्हणतो!

परवा त्या फाटकासमोर एकाने गाडी लावली, पाटी वाचली आणि मुकाट्याने गाडी पुढे नेली. कायदा असा वाचता आला पाहिजे.