मधोमध म्हणजे नेमकं कुठे?

मतदार मधोमध उभा असतो, डाव्यांचं काही खरं नाही, असं विश्लेषक छातीठोकपणे सांगतात. हे 'मधोमध' २०२४च्या लोकसभेला चंदीगडमध्ये दिसलं. इथे काँग्रेस आणि आप गळ्यात गळे घालून. पलीकडे पंजाबातल्या मोहालीत शिरलं की एकमेकांच्या उरावर. चंदीगडचे काँग्रेस उमेदवार मनीष तिवारी २,५०४ मतांनी कसेबसे तरले. मध्यममार्ग तो हाच, हद्द ओलांडली की वळणारा.

आता डाव्यांचं बघू, चंदीगडच्याच पंजाब विद्यापीठात. २०१८ला 'स्टुडंट्स फॉर सोसायटी' या डाव्या संघटनेची कनुप्रिया विद्यार्थी परिषदेची पहिली महिला अध्यक्ष झाली. पोरांनी काय मार्क्स वाचून मतं टाकली? छे! आदल्या वर्षी फी वाढली तेव्हा याच संघटनेची मंडळी पोलिसांच्या लाठ्या खात होती. आणि मुलींना हवं होतं एवढंच, की वसतिगृहाचं फाटक रात्री बंद होऊ नये. त्यासाठी धरणं धरलं आणि डिसेंबरात फाटक उघडलंही. परिषदेची बाकीची पदं मात्र मतदारांनी इतर संघटनांना दिली. भांडायला एक पुरे. सगळी क्रांती एकदम कशाला!