खाट, मेहुणे आणि कोलोरॅडो

ग्रँड कॅन्यनमधून नदीने जायचे तर लीज फेरीला रबरी होडीत बसायचे आणि 226 मैलांवर डायमंड क्रीकला उतरायचे. मधल्या रात्री वाळूत. होडी, वल्ही, वाटाडे, गाद्या सगळे सहलवाल्यांचे. खाट मात्र ज्याची त्याने आणायची. पुण्याहून आलेल्या मेहुण्यांनी पत्रकातले तेवढेच वाक्य अधोरेखित केले.

त्यांचे गुडघे साठीचे आणि उत्साह सोळाचा. "वाळूतही झोपेन हो मी, पण सकाळी उठवायला क्रेन आणणार का?" हा सवाल बिनतोड होता. फीनिक्सच्या आमच्या दिवाणखान्यात तीन खाटा आल्या आणि मेहुणे प्रत्येकीवर वधूपरीक्षेच्या गांभीर्याने लोळले.

पहिली लष्करी घडणीची. फुलीचे पाय, जाड कापड, बसायला ऐसपैस उंची. पण कापड ताणून धरणारी शेवटची दांडी खाचेत जाईल तर शपथ. एकीकडून मी रेटतोय, दुसरीकडून मेहुणे, आणि सोफ्यावरून आमच्या हिच्या सूचना. दांडी बसली तेव्हा आम्हा दोघांत बोलणे उरले नव्हते. शिवाय ती नेमकी पायथ्याशी येते, म्हणजे उंच माणसाच्या टाचा रात्रभर दांडीवर.

दुसरी पाठपिशवीवाल्यांची लाडकी, दोनेक किलोची, जमिनीपासून वीतभर. हे वजनाचे कौतुक मला कळत नाही. डोंगर चढायचा असेल तर ठीक आहे. इथे बर्फाच्या पेट्या, लोखंडी शेगड्या आणि अख्ख्या मंडळींच्या प्रातर्विधीचे डबे (होय, तेही बरोबर परत न्यायचे असतात) वाहणारी होडी तुमच्या खाटेच्या चार किलोंनी बुडणार आहे थोडीच! आणि वीतभर उंचीवरून उठणे म्हणजे जमिनीवरूनच उठणे, फक्त पैसे मोजून.

तिसरी वाटाड्यांच्या पसंतीची. गुंडाळी होते, डोक्या-पायाशी दांडी नाही, आणि पाय खालून आडव्या नळीने जोडलेले. गालिच्यावर त्या नळीचे मोल कळत नाही. वाळूत सुटा पाय रात्रीतून हळूहळू खाली जातो, आणि चारही पाय एकमताने जात नाहीत. मी तिच्या बाजूने बोललो. पण बोलता बोलता मेजर जॉन वेस्ली पॉवेलचा विषय निघाला: यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या या गृहस्थाने 1871 च्या दुसऱ्या मोहिमेत होडीवर चक्क खुर्ची बांधून घेतली होती. "बघा! बैठक महत्त्वाची," म्हणत मेहुण्यांनी लष्करी खाट उचलली.

उन्हाळ्यात या घळीच्या तळाशी पारा चाळिशी ओलांडतो. नदी मात्र धरणाच्या पोटातून, खोल थरातून सुटलेली, पाय घातला की दात वाजतात. मेहुण्यांनी गारव्यासाठी खाट अगदी पाण्याच्या कडेला मांडली. विंचवांचीही भीती नको, म्हणाले. आमची वाटाडी मुलगी हसली. इथला विंचू झाडावर चढतो, खाटेचे काय घेऊन बसलात. पण विंचवापेक्षा पाणी चढेल ते बघा, म्हणाली. मेहुण्यांनी मान डोलावली आणि घोरू लागले.

पाणी चढते ते असे. वरचे ग्लेन कॅन्यन धरण 1963 पासून नदी अडवून आहे, आणि विजेची मागणी वाढेल तसे ते पाणी सोडते. दुपारी शहरांतून एसी घरघरू लागले की पाणी निघते आणि कित्येक तास वाहत खाली येते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाची भरती निराळ्या वेळी. आमच्या मुक्कामाची होती मध्यरात्री.

"भाऊजी!"

बॅटरी मारली. मेहुणे खाटेवर मांडी घालून, कोरडे. खाटेखालून कोलोरॅडो वाहत होती आणि त्यांची एक चप्पल डायमंड क्रीकच्या दिशेने पुढे निघाली होती. खाटेचा डावा मागचा पाय वाळूत गेल्याने स्वारी कललेली, पण उंचीने लाज राखली हे मान्य करायला हवे.

वाटाडीने पाण्यात उतरून खाट ओढली. तोवर मेहुण्यांना मी धरण, वीज, एसी असा सगळा हिशेब समजावला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला.

"म्हणजे फीनिक्सचा एसी आणि हे पाणी, यांचा संबंध आहे तर."

"आहे ना."

"तुमच्या घरचा बंद केलात ना निघताना?"

"मांजरासाठी चालू ठेवलाय, दादा," अंधारातून ही म्हणाली.

मेहुण्यांनी उरलेली चप्पल हातात घेतली.

"कितीवर?"