मोहीमप्रमुख

छत्रपती संभाजीनगरातल्या प्रत्येक मित्रमंडळात एक मोहीमप्रमुख असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. दिवाळी सरून हवेत गारवा आला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर 'मिशन गौताळा' नावाचा गट काढतो आणि डीपीला जॉर्डनच्या वाळवंटातले, वादी रमचे तांबडे सुळके लावतो. गौताळ्याजवळचा कन्नडचा घाट आणि वादी रम यांत त्याच्या लेखी फरक तेवढा व्हिसाचा. तंबूतला मुक्काम काही होत नाही, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात. हा आरोप मला मान्य नाही. त्याच्याइतका राबणारा माणूस अख्ख्या गटात नसतो. पण तो राबतो ते भलत्याच डोंगरासाठी.

पुरावा हवा तर त्याची एक्सेल शीट उघडा. कपाळावर बांधायची बॅटरी आहे, होकायंत्र आहे, उणे पाच अंशांत चालणारी स्लीपिंग बॅग आहे. गडी जणू लेहला निघालाय. तंबू ऑनलाइन मागवलेला, त्यासोबत करंगळीएवढ्या जाडीच्या खुंट्या. त्या मऊ मातीसाठी केलेल्या. आपला डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर थिजलेला लाव्हा: वर वीतभर मुरूम, खाली काळा कातळ. दुसऱ्या घावाला खुंटी कमरेत वाकते आणि तिसऱ्याला उडून झुडपात जाते. तिथे शेळ्या वळणारा पोरगाही दोऱ्या दगडांना बांधून तंबू उभा करून देईल, पण शीटमध्ये 'दगड' हा रकानाच नाही. जाताजाता वेरूळ बघायचं ठरलेलं, तेही मंगळवारी, म्हणजे लेणी बंद असताना. आणि पाणी? अगदी शेवटच्या ओळीत: 'जार – बघू'. नळाला पाणी यायच्या दिवशी ज्या शहरात कुणी पाहुण्यांना बोलवत नाही, त्या शहरातला हा माणूस!

यावर कुणी म्हणेल, जंगलात जायचं तर नियोजन नको का? हवंच. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासूनचं अभयारण्य आहे, तिथे बिबट्या आहे, वनखात्याला न विचारता मुक्काम ठोकता येत नाही. कपारींत आग्या मोहोळं असतात. शेकोटीचा धूर तिथवर गेला तर स्लीपिंग बॅगेची चेन लावायलाही सवड मिळणार नाही. पण नेमक्या याच गोष्टी शीटमध्ये नसतात. परवानगीपुढे 'पक्याचा मेहुणा वनखात्यात आहे' एवढीच नोंद, आणि तो मेहुणा निघतो सामाजिक वनीकरणात, तोही नांदेडला. नियोजन कसं करावं हे या मातीला शिकवायची गरज नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. त्याच्या यादीत जार पहिल्या ओळीत होता म्हणायचा. मोहीमप्रमुखाचं गोत्र मात्र दुसरं. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली, वाटेत सराया बांधल्या, सावलीला झाडं लावली, आणि काही वर्षांतच सगळं परत दिल्लीला नेलं. सातशे वर्षं लोक त्याला हसताहेत. तरी पठ्ठ्या निघाला होता! आमचे प्रमुख निघायच्या आदल्या रात्री अकराला 'उद्या जरा अडचण आहे' असं लिहितात.

मग असल्या माणसाला गटातून काढावं का? इथे मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पितळखोऱ्याची लेणी आणि अंतूरचा किल्ला आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे गटातल्या निम्म्या लोकांना त्याने गटात टाकलेल्या पीडीएफमुळेच कळलेलं असतं. एरवी ही मंडळी सुट्टीत शहरातल्या निराला बाजाराच्या पुढे सरकत नाहीत. मोहीम फिसकटते तेव्हाही सगळे घरी बसत नाहीत. ठरलेली गाडी आणि मागितलेली रजा वाया जाऊ नये म्हणून चारजण म्हैसमाळला जाऊन भाजलेली कणसं खाऊन येतात, जानेवारीत कुणाच्या तरी शेतावर हुरडा होतो. हे तरी त्याच्याविना झालं असतं का? तेव्हा यंदाही त्याने गट काढला तर खुशाल सामील व्हा, शीटची तारीफ करा, वर्गणीही भरा. पाण्याचा जार मात्र आदल्या रात्री स्वतः गाडीत ठेवा, आणि सकाळी सहाला मोहीमप्रमुख आला नाही तर साडेसहाला निघा.