वरच्या वर्गात येईल

सूर्यापासून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात जरा आवाज लावून म्हणते आणि मग मुद्दाम थांबते. खिडकीतून बाकांवर ऊन आलेलं असतं, वर्ग चिडीचूप असतो. अशा वेळी तिसऱ्या बाकावरून हात वर होतो.

"मॅडम, हे हेडिंग लाल पेनानं घालायचं का?"

विज्ञानाच्या तासाला सगळ्यात जास्त प्रश्न प्रकाशावर येत नाहीत, की विजेवर येत नाहीत. ते पेनावर येतात. लाल चालेल का, काळं चालेल का, जेल चालेल का. त्याखालोखाल समास, मग नवीन पान, मग आकृतीतली नावं एकाच बाजूला लिहायची की दोन्हीकडे. या सगळ्याचा शेवट "हे किती मार्कांला?" या महाप्रश्नात होतो. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर, चाळीस-चाळीस गुणांचे, आणि वीस प्रात्यक्षिकाचे. विश्वाचा पसारा केवढाही असो, आमच्या मुलांच्या लेखी तो या शंभरात मावतो. गुरुत्वाकर्षण भाग एकमध्ये, उत्क्रांती भाग दोनमध्ये, आणि ज्याला गुण नाहीत ते अस्तित्वातच नाही.

बालभारतीच्या पुस्तकात मधूनमधून चौकटी असतात. 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा'. कुणी तरी फार आशेनं टाकल्या असणार. एकदा एका मुलीनं अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "मॅडम, 'जरा डोके चालवा' परीक्षेला आहे का?" मी म्हटलं, नाही. सगळ्या वर्गानं पेन्सिली काढल्या आणि त्या चौकटीवर एकजुटीनं फुली मारली.

हे झाले रोजचे प्रश्न. त्यांचा त्रास नाही, उलट आधार आहे. त्यांची उत्तरं मला येतात. त्रास देतात ते दुसरे. लोकांना वाटतं, असे प्रश्न शंकेखोर पोरं विचारतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. शंकेखोर पोर पुस्तकावर मुळातच विश्वास ठेवत नाही, त्यामुळे त्याला काही विचारावंसं वाटत नाही. ते गाइड आणतं आणि सुखात राहतं. अवघड प्रश्न विचारतं ते पुस्तक खरं मानणारं पोर. त्याला वाटतं, छापलंय म्हणजे घरी जाऊन बघितलं तरी तसंच दिसणार.

अशी एक मुलगी माझ्या वर्गात होती. डिसेंबरचे दिवस, सातारा जिल्ह्यातली थंडी, 'उष्णता' हा धडा. पाण्याचं असंगत आचरण मी शिकवून टाकलं होतं: पाणी चार अंशांपर्यंत गार होताना आकसतं, तिथून पुढं शून्याकडे जाताना प्रसरण पावतं, गोठताना आणखी फुगतं, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. होपच्या उपकरणाची आकृती झाली, नावं उजवीकडे झाली. दुसऱ्या दिवशी या बाईसाहेबांनी दप्तरातून कॅरीबॅग काढली, कॅरीबॅगेतून खोबरेल तेलाची पारदर्शक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. तेल अर्धं थिजलं होतं. पांढरा गोळा तळाशी, वर पातळ तेल.

"मॅडम, हे उलटं आहे."

"ते सुलटंच आहे," मी म्हटलं. "थिजल्यावर तेल आकसतं, त्याची घनता वाढते, ते खाली बसतं. बहुतेक पदार्थ असेच वागतात. उलटं वागतंय ते पाणी."

तिनं बाटलीकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "मग पुस्तकात पाण्याचंच का दिलंय? नीट वागणाऱ्याचं का नाही?"

"मी दिवसभरात या वर्गातल्या कुणाकुणाची नावं घेते, सांग बरं."

तिला लगेच पटलं. शेवटच्या बाकावरच्या दोघांनी आपण होऊन माना खाली घातल्या. बाटली मात्र टेबलावर उन्हात राहिली, आणि मधल्या सुट्टीनंतर मी पुन्हा त्या वर्गावर गेले, तेव्हा नववीतून दहावीत आल्यापासून प्रथमच सगळ्यांचे भांग चापूनचोपून बसलेले होते.

प्रत्येक वेळी असं उत्तर हाताशी असतं असं नाही. त्यासाठी आमच्या धंद्यात काही पारंपरिक शस्त्रं आहेत. "छान प्रश्न आहे" हे त्यातलं सगळ्यात साधं; तेवढ्यात विचार करायला चार सेकंद मिळतात. "तूच शोधून आण" हे जरा जालीम. आणि ब्रह्मास्त्र म्हणजे "वरच्या वर्गात येईल."

आठवीत अणूचं अंतरंग येतं. रुदरफोर्डनं १९११ मध्ये सांगितलं, मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन फिरतात. एका मुलानं विचारलं, "फिरता फिरता दमून आत पडत नाहीत का?" प्रश्न अगदी बिनचूक होता. असा फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जाऊन केंद्रकात कोसळायला हवा, हीच त्या काळच्या शास्त्रज्ञांची डोकेदुखी होती. १९१३ मध्ये नील्स बोरनं तोडगा काढला: ठरावीक कक्षेत असेपर्यंत इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही. का गमावत नाही? बोरनं तसं गृहीत धरलं. म्हणजे त्यानंही एका परीनं "वरच्या वर्गात येईल" असंच म्हटलं, आणि त्याला पुढं नोबेल मिळालं. मी तेच म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "बरं." नववीत त्यानं पुन्हा विचारलं. दहावीत विचारलं. मी प्रत्येक वेळी त्याला एक इयत्ता वर ढकलला. अकरावीला त्यानं कॉमर्स घेतलं. आता तो तालुक्याच्या पतसंस्थेत आहे. मध्यंतरी ठेवीची पावती नूतनीकरणाला गेले, तर उठून उभा राहिला, चहा सांगितला, पावतीवर शिक्का मारला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, तो पडत नाही ना अजून?"

जयंत नारळीकरांची पद्धत मला फार आवडायची. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. तिकडे होशंगाबादला १९७२ मध्ये विज्ञान शिकवण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला, त्यात सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं; मुलं त्याला पत्रं लिहीत आणि जाणकार मंडळी मिळून त्याच्या नावानं उत्तरं देत. दोन्हीकडे मुलांची केवढी सोय झाली, हे सगळे सांगतात. उत्तर देणाऱ्याची किती सोय झाली, हे कुणी सांगत नाही. मध्ये पोस्टमन आहे! चार दिवस मिळतात, कपाटातली पुस्तकं काढता येतात. आमच्याकडे पोर समोर उभं असतं, त्याच्या मागे चौसष्ट पोरं मजा बघत असतात, आणि घंटा व्हायला वीस मिनिटं असतात.

एका वर्षी मला वाटलं, प्रश्न विचारणाऱ्यांना जरा उत्तेजन द्यावं. म्हणून मी वर्गाला एरास्तो म्पेम्बाची गोष्ट सांगितली. आजच्या टांझानियातला शाळकरी मुलगा. १९६३ साली शाळेत मुलं आइस्क्रीम करत होती. दूध उकळायचं, साखर घालायची, निववायचं आणि मग फ्रीजरमध्ये ठेवायचं. जागा भरत आली म्हणून यानं गरम दूधच आत सरकवलं, आणि त्याचं आधी गोठलं. का, म्हणून मास्तरांना विचारलं, तर मास्तर म्हणाले, तुझा काही तरी गोंधळ झालाय. पुढं वरच्या शाळेत विचारलं, तर ते मास्तर म्हणाले, हे म्पेम्बाचं भौतिकशास्त्र, जगाचं नव्हे. मग काय, याचं गणित चुकलं की पोरं ओरडायची, हे म्पेम्बाचं गणित! शेवटी शाळेत पाहुणे आलेले ऑस्बर्न नावाचे प्राध्यापक भेटले. त्यांनाही यानं तेच विचारलं, वर्ग हसला. पण त्यांनी करून बघायचं कबूल केलं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माणसानं येऊन सांगितलं की गरम पाणीच आधी गोठलं, पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू. १९६९ मध्ये दोघांच्या नावानं शोधनिबंध छापून आला.

(त्या प्रयोगशाळेतल्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वह्या नेमक्या याच तत्त्वावर लिहिल्या जातात.)

गोष्टीचा परिणाम झाला, मला हवा होता तो नव्हे. त्याच संध्याकाळपासून पालकांचे फोन. "मॅडम, फ्रीजमध्ये उकळतं पाणी ठेवायला तुम्ही सांगितलंत?" एकीचं दही गेलं होतं, एकीच्या फ्रीजची काचेची फळी तडकली होती. आठवड्याच्या शेवटी निष्कर्ष जमा झाले: दोघांचं गरम आधी गोठलं, तिघांचं गार, दोघांकडे लाइट गेली, आणि एकाच्या आजीनं दोन्ही वाट्या ओतून दिल्या. मी जरा खट्टू झाले होते. पण नंतर वाचलं की २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी हाच प्रयोग काटेकोरपणे केला; गरम पाणी आधी गोठतं याला त्यांना भक्कम पुरावा मिळाला नाही, आणि तापमापी थोडी वर-खाली लावली तरी आकडे बदलतात असं त्यांना दिसलं. म्हणजे आमचे निष्कर्ष जागतिक पातळीचेच होते; फक्त आजी त्यांच्याकडे नव्हती.

वर्गात मात्र आता कुणाचंही उदाहरण चुकलं, की तो ताठ मानेनं सांगतो, "हे माझं भौतिकशास्त्र आहे."

या सगळ्यावर कडी केली ती आरशानं. घंटा व्हायला मिनिट असताना एकीनं विचारलं, "आरसा डावं-उजवं करतो, तर वर-खाली का नाही करत?" मी "छान प्रश्न आहे" म्हणेपर्यंत घंटा झाली, देवासारखी. पण प्रश्न माझ्याबरोबर स्टाफरूममध्ये आला. तिथं हात धुवायच्या बेसिनवर आरसा आहे. मी त्याच्यासमोर उभी राहून उजवा हात वर केला. गणिताच्या बाई आल्या, त्यांनी डावा केला. मराठीचे सर डोकं तिरपं करून बघू लागले. शिपाईमामा चहा घेऊन आले, आम्हा तिघांना कवायत करताना बघून ट्रे तसाच घेऊन परत गेले.

मग पीटीचे सर आले. त्यांनी विचारलं, काय चाललंय. सांगितलं. ते म्हणाले, "त्यात काय? त्यानं पीछे मुड केलेलंच नाही."

"कुणी?"

"आरशातल्यानं. हे बघा, समोरचा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा असेल, तर तो पीछे मुड करून उभा असतो. म्हणून त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला येतो. हा आरशातला वळलेलाच नाही. तुमचा उजवा हात उजवीकडे आहे, त्याच्यातलाही उजवीकडेच आहे. डोकं वर, पाय खाली. काहीच बदललं नाही. आरशानं फक्त पुढचं मागं आणि मागचं पुढं केलं. डावं-उजवं तुम्ही केलंत, मनातल्या मनात त्याला वळवून."

आम्ही पुन्हा आरशात बघितलं. अगदी खरं होतं. मराठीच्या सरांनी तर दोनदा पीछे मुड करून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितलं आणि कुणी सांगितलं तेही सांगितलं. तेव्हापासून पोरं विज्ञानाचे प्रश्न घेऊन मैदानावर जातात. सरही खुशीत होते. परवा ते व्हॉलीबॉल काखेत मारून माझ्या वर्गाच्या दाराशी आले, जरा आडबाजूला बोलावून घेतलं.

"मॅडम, पोरं विचारतायत. चेंडू सरळ वर उडवला की अगदी टोकाला क्षणभर थांबतो. मग त्या क्षणी गुरुत्वाकर्षण कुठं जातं?"

आत नववीचा वर्ग गोंगाट करत होता. फळ्यावर अर्धी आकृती होती.

"छान प्रश्न आहे," मी म्हटलं. "सर, वरच्या वर्गात येतं ते."

"मी एम.पी.एड. आहे, मॅडम," सर म्हणाले. "आता कुठला वरचा वर्ग?"