मुहूर्त न सापडलेल्या तारखेस

प्रति,
मा. अंमलबजावणीची तारीख,
मुक्काम: कलम १, पोटकलम (३),
जागल्या संरक्षण कायदा, २०१४.

महोदया,

सदर अर्जदाराने आपल्याला कधी पाहिलेलं नाही. कोणीच पाहिलेलं नाही. आपला पत्ता तेवढा कायद्यात छापलेला आहे: केंद्र सरकार राजपत्रात जाहीर करील त्या दिवशी हा कायदा अमलात येईल. राष्ट्रपतींची सही मे २०१४ मध्ये झाली. दहा वर्षं केव्हाच उलटली. साडेतीन मुहूर्त दरसाल नेमाने येऊन गेले, अधिक मासदेखील आले आणि गेले; आपण तेवढ्या आला नाहीत.

आजच लिहिण्याचं कारण गेल्या महिन्यातलं आहे. अर्जदाराच्या ओळखीचा एक कनिष्ठ अभियंता, राज्याच्या एका कार्यालयात. खडी पडलीच नाही अशा रस्त्याची मोजमाप पुस्तकात ऐटीत नोंद झालेली त्याने पाहिली आणि वरिष्ठांकडे बंद पाकिटात तक्रार दिली. काही दिवसांनी ते पाकीट उघड्या फायलीला टाचून, ‘उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मिरवत खाली उतरलं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्या साहेबांच्याच टेबलावर. संध्याकाळी टपरीवर ठेकेदाराने त्याला चहा पाजला आणि तक्रारीतली तीन वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. बदलीचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. त्या कार्यालयात गोपनीय अहवाल नावाचाही एक कागद असतो. तो मात्र कमालीचा गोपनीय राहतो.

हा शेरा जुना आहे. सत्येंद्र दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते, नेमणूक कोडरमाला. सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातली लूट त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं, आणि नावही त्याच्यासोबत टेबलं फिरलं. वर्षभराने, २७ नोव्हेंबर २००३ रोजी, वाराणसीचं एक लग्न आटोपून परतताना गयेत त्यांना गोळी घातली गेली. सीबीआयने तो लूटमारीतला खून ठरवला, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. कुटुंबीयांना ते पटलं नाही. अग्रेषित करणाऱ्यांपैकी कोणाला काय झालं, हे विचारण्यात अर्थ नाही.

गदारोळ झाल्यावर केंद्राने २००४ साली एक ठराव केला. तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाने घ्यायच्या, असं त्यात आहे; पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, इतका बारीक विचार आयोगाच्या सूचनांत आहे. फक्त ठराव केंद्राच्या कचेऱ्यांपुरता. राज्यातल्या मोजमाप पुस्तकाशी त्याला कर्तव्य नाही.

तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींनाही त्याचा उपयोग नव्हता. द्रुतगती मार्गाच्या आसपासचे जमिनींचे कागद माहितीच्या अधिकारात उकरणारा हा माणूस. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. १३ जानेवारी २०१० ला, ऐन भोगीच्या सकाळी फिरायला गेले असताना ते मारले गेले. तपास सीबीआयकडे गेला आणि २०१४ मध्ये एकदा बंदही करून झाला.

जुन्या गावगाड्यात रात्री हाळी देत फिरणाऱ्या जागल्याच्या पदरात गाव धान्य तरी टाकत असे. तेही उपकार केल्यासारखं, जात पाहून, पण टाकत असे. आताच्या जागल्याला, म्हणजे गैरव्यवहाराची तक्रार करणाऱ्याला, संरक्षणाचा कायदा दिला, तोही तारखेवाचून.

कायदा तसा सोन्याचा नाही. निनावी तक्रार त्याला चालत नाही, छळ म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही, खाजगी कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर. (त्यांच्यापैकी मोठ्यांना कंपनी कायद्याने दक्षता यंत्रणा ठेवायला लावली आहे; तिचं पोस्टर लिफ्टशेजारी असतं.) पण तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद त्यात आहे. आणि बदली सूडाची नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची, असंही आहे. ही ओळ त्या अभियंत्याने दोनदा वाचली आणि विचारलं, “मग हे लागू कधीपासून?”

अर्जदाराने त्याला आपलं, म्हणजे तारखेचं, नाव सांगितलं. तो हसला.

आधी दुरुस्ती करू, मग तारीख देऊ, असं सरकारचं म्हणणं होतं. मे २०१५ मध्ये लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली. काय दुरुस्त केलं? माहितीचे दहा प्रकार तक्रारीतून वगळले आणि शासकीय गोपनीयता कायद्याचा बडगा पुन्हा तक्रारदाराच्या डोक्यावर धरला. राज्यसभेत ते विधेयक पडून राहिलं, २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. दुरुस्ती गेली, तारीखही गेली.

आता दिवसच मिळत नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. नोटाबंदीला रात्री आठ ते बारा एवढा वेळ पुरला. वस्तू व सेवा कराला मध्यरात्रीचा मुहूर्त मिळाला. तीन नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला एकदम आले. माहितीचा अधिकार तर १२ ऑक्टोबर २००५ ला, दसऱ्याला अमलात आला, कारण एकशे विसाव्या दिवशी यायचं हे त्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं. म्हणजे लिहिता येतं. इथे लिहिलं नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी होय म्हणायचं, राष्ट्रपतींनी सही करायची आणि एका अधिसूचनेच्या चार ओळींसाठी माणसांनी जीव मुठीत धरून नोकरी करायची, याला विलंब म्हणत नाहीत. याला नकार म्हणतात, आणि तो तोंडावर देण्याची हिंमत एकाही सरकारला झालेली नाही.

बाई, राग तुझ्यावर नाही. तुला कोणी बोलावलंच नाही. अंतरपाट धरला होता, धरणारे केव्हाच निघून गेलेत, आणि तू अजून मांडवाबाहेर चपला हातात घेऊन उभी. जिच्या येण्याने चार माणसं वाचली असती, तिला वर्षातला एक दिवस मिळू नये?

अभियंत्याचं सामान परवा टेम्पोत चढलं. मुलीची शाळा अर्ध्या वर्षात बदलायची आहे, दाखला मिळायला आठवडा लागेल म्हणतात.

अर्जदाराने खाली सही केलेली नाही. निनावी अर्जाची दखल घेतली जात नाही, हे त्याला ठाऊक आहे. आपण आलात की तो सही करायला येईल.

प्रत: अग्रेषित करू नये.