खुलासेवाले भाऊसाहेब

पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं आडनाव कुणी विचारत नाही. तो भाऊसाहेब असतो. तालुक्याला एक तरी असतोच. बीडीओ येतात, जातात, भाऊसाहेब असतात. साहेबांना राग येतो, पण राग कसा लिहायचा हे फक्त भाऊसाहेबांना येतं.

सकाळी साहेब कडाडतात, "त्या गुरुजींना कारणे दाखवा काढा!" चहा निवायच्या आत मसुदा तयार. 'ज्याअर्थी'ने सुरुवात, 'त्याअर्थी'ने कलाटणी, मध्ये दोन 'सबब', आणि शेवटी तो सुप्रसिद्ध फटका: विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून एकतर्फी कारवाई करण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी. सही, शिक्का, जावक क्रमांक.

दुपारी तेच गुरुजी टपरीवर भाऊसाहेबांसमोर घाम पुसत उभे.

"भाऊसाहेब, नोटीस आलीय."

"कुणाची?"

"तुमचीच की!"

"माझी नाही, साहेबांची. मी फक्त लिहिली."

आणि मग भाऊसाहेब स्वतः लिहिलेली नोटीस अशी वाचतात, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघताहेत. वाचायची तऱ्हा ठरलेली, खालून वर. आधी सही कुणाची आणि त्याला अधिकार आहे का. मग जावक दिनांक. मग मुदत, आणि ती संपायच्या आधी कागद हातात पडला का. पोहोच देताना सहीखाली तारीख घातली नसेल, तर गुरुजींना तिथल्या तिथे शाळेतल्यासारखं उभं केलं जातं. मग प्रस्तावित कारवाई कोणती, सोबत कागदपत्रं जोडलीत का. आरोप सगळ्यात शेवटी. "तो काय बघायचा?" भाऊसाहेब म्हणतात, "तो तुम्हाला माहीतच असतो."

खरी मजा नियमाच्या ओळीत असते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला जिल्हा सेवेचे 1964 चे शिस्त व अपील नियम लागतात आणि 1967 चे वर्तणूक नियम. नोटिशीत मात्र हटकून महाराष्ट्र नागरी सेवा नियम, 1979 असतं, जे राज्य शासनाच्या नोकरांचं. कधीकाळी कुणीतरी तहसीलमधून नमुना पेनड्राइव्हवर आणला, तेव्हापासून तो वंशपरंपरेनं चालत आलाय. त्याच नमुन्यामुळे एकदा मिशा राखणाऱ्या शिपायाला 'आपण प्रसूती रजेवरून विहित मुदतीत हजर न झाल्याने' अशी विचारणा गेली होती. "चूक मी मुद्दाम घालत नाही," भाऊसाहेब सांगतात. घोटभर चहा घेतात. "पण काढतही नाही."

भाऊसाहेबांना एक निकाल फार प्रिय आहे. ते त्याला 'मासळीचा निकाल' म्हणतात. ऑरिक्स फिशरीज या मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीला दिलेल्या नोटिशीतच दोष निःसंशय सिद्ध झाल्याचं लिहून टाकलं होतं. 2010 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आधीच मन बनवून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन उपयोग काय? तेव्हापासून साहेबांनी मसुद्यात 'आपण दोषी आहात' घातलं की भाऊसाहेब अदबीनं दुरुस्त करून 'सकृतदर्शनी दिसून येते' करतात. साहेब फारच हटून बसले, तर राहू देतात. ती ओळ दुपारी उपयोगी पडते.

खुलाशाचं त्यांचं शास्त्र कडक आहे. 'भविष्यात अशी चूक पुन्हा होणार नाही' हे वाक्य दिसलं की ते कागद बाजूला सारतात. "पुन्हा? म्हणजे एकदा झाली म्हणायची!" 'नजरचुकीने' चालतं, 'हेतुपुरस्सर नाही' उत्तम. मुद्द्याला मुद्दा, क्रमांकाला क्रमांक. साहेबांवर उलट आरोप करायचा नाही. तो दुसऱ्या नोटिशीचा पाया असतो. या सल्ल्याचे ते पैसे घेत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. चहा घेतात, आणि सोबत खारी असेल तर खुलाशाला एक परिच्छेद वाढतो.

तोच खुलासा दुसऱ्या दिवशी आवक होऊन त्यांच्याच टेबलावर येतो, आणि भाऊसाहेब निर्विकारपणे टिपणी ठेवतात: 'खुलासा मोघम स्वरूपाचा असून समाधानकारक नाही. सक्त ताकीद देऊन प्रकरण नस्तीबंद करणेस हरकत नसावी.' हा दुटप्पीपणा आहे असं वाटत असेल, तर तुम्ही सरकारी कचेरीत फक्त दाखले काढायला गेला असाल.

मला विचाराल तर बहुतेक नोटिसा शिक्षेसाठी नसतातच. जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, संपली की प्रिंटर सुरू होतो. वर कुणीतरी कुणाला तरी झापलेलं असतं. मग बीडीओंना नोटीस, बीडीओंकडून विस्तार अधिकाऱ्यांना, तिथून केंद्रप्रमुखांना, शेवटी गुरुजींना. मजकूर तोच, मुदतही तीच, चोवीस तास. गुरुजींच्या हाती पडते तेव्हा ते चोवीस तास परवाच संपलेले असतात. राग मात्र रीतसर नोंदवला गेलेला असतो.

अशा सुखी संसारात मध्यंतरी नवीन बीडीओ मॅडम आल्या. पहिलीच नोटीस त्यांनी स्वतः लिहिली. भाऊसाहेबांकडे फक्त जावक क्रमांकाला आली, आणि दुपारी गुरुजींबरोबर टपरीवर. भाऊसाहेबांनी खालून वाचायला घेतली. सही बरोबर. मुदत सात दिवसांची, तीही नोटीस मिळाल्यापासून. सोबत हजेरीपटाची साक्षांकित प्रत. नियम 1967 चे, तेही उपनियमासकट. कोणती शिक्षा प्रस्तावित आहे ते स्वच्छ लिहिलेलं. 'दोषी' शब्द कुठेच नाही. म्हणणं मांडायची संधी देण्यात येत आहे, एवढंच. भाऊसाहेब वरच्या टोकाला पोचले, चष्मा पुसला, पुन्हा खाली उतरले.

"काय लिहायचं?" गुरुजींनी विचारलं.

"त्या दिवशी शाळेत होता का?"

"नाही."

"मग तसंच लिहा."

गुरुजी बघतच राहिले. भाऊसाहेबांनी नोटीस मागून घेतली, शेजारच्या दुकानातून तिची एक झेरॉक्स काढून स्वतःच्या खिशात ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चहाचे पैसे स्वतः दिले.